शिदूअण्णाचा पाट

शिदूअण्णाएवढा भित्रा माणूस मी उभ्या जन्मात दुसरा पाहिला नाही. आणि हे मी कुणा काडीपैलवानाबद्दल बोलत नाही, एवढं आधी सांगून ठेवतो. तरुणपणी तांबड्या मातीत अंग घासलेला गडी. दोन्ही कान मोडून भज्यासारखे झालेले. मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते कळायचं नाही. बोलायला लागला की शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीच्या पार त्या टोकाचा चहावाला "किती कप?" म्हणून ओरडायचा, कारण त्याला वाटायचं आपल्यालाच हाक आली. वर्कशॉपात साप निघाला तर शेपटीला धरून नाल्यात सोडून यायचा आणि हात न धुता विडा लावायला बसायचा.

पण नव्यानं बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करायची वेळ आली, की हाच गडी पार बदलून जायचा. सकाळपासून अन्नाला शिवायचा नाही. ओठ सुकायचे. जिभेनं ओले करायचा, परत सुकायचे. आवाज एवढा खाली जायचा की चहावाला एरवीपेक्षा निवांत असायचा.

वर्कशॉप अण्णाचं. शेतावरच्या पंपाची, गुऱ्हाळाची, गिरणीची जुनी डिझेल इंजिनं यायची. ती पार खोलायची, घासलेलं बदलायचं, आणि नव्यासारखी बांधून परत द्यायची. बांधणं अण्णाकडं, हँडल मारणं त्याच्या धाकट्या भावाकडं, बाळूकडं, आणि लेथवर मी. मी पगारी टर्नर, वयानंही लहान, पण एकाच तालमीतले असल्यामुळं आमचं अरे-तुरे. त्यावरून वैनी, म्हणजे अण्णाची बायको, मला कायम टोकायची. मी सोडलं नाही, तोही कधी रागावला नाही.

आता हे भिण्याचं काय प्रकरण होतं ते सांगतो. इंजिन खोलून, पुसून परत बांधलं की आतून ते कोरडं ठणठणीत असतं. तेल असतं खाली टाकीत. इंजिन सुरू झालं म्हणजे आतला पंप ते उचलतो आणि नळ्यांतून वर चढवतो, पण त्याला वेळ लागतो. तेवढ्या वेळात लोखंड लोखंडावर घासतं, बेअरिंग जळतात, आणि नशीब फुटकं असलं तर बरंच काय काय होतं. म्हणून सुरू करायच्या आधीच हातानं तेल वरपर्यंत चढवून घ्यायचं. हे सगळेच मिस्त्री करतात. कुणी थोडं करतो, कुणी केल्यासारखं करतो. अण्णाचं करणं म्हणजे देवाला अंघोळ घालण्याचा प्रकार होता.

त्याच्याकडं रंगपंचमीची एक दांडगी पितळी पिचकारी होती. तिच्या तोंडाला बसेल असा पितळेचा आटा मी लेथवर काढून दिला होता. तेलाच्या वाटेवरचा एक बोल्ट काढायचा, तिथं पिचकारी बसवायची आणि रेटून तेल आत घालायचं. भरायची, रेटायची, परत भरायची. त्याच्या दंडाच्या शिरा फुगायच्या. मग डिझेल बंद ठेवून, आतला दाब सोडणारा वरचा खटका उचलून, बाळूनं हँडल हळू हळू फिरवायचं. अण्णानं इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण काढलेलं असायचं. आत दांड्या वरखाली होताना दिसायच्या. त्यांतल्या अगदी शेवटच्या दांडीवर तेलाचा थेंब येईपर्यंत अण्णा तिथं नाक लावून उभा.

"आलं?" बाळू विचारायचा.

"न्हाय."

"आता?"

"फिरव गप."

थेंब आला की अण्णा तो दोन बोटांत घेऊन चोळायचा, उजेडाकडं धरून बघायचा, आणि मग काय करायचा, तर स्वतःच्या गळ्याला लावायचा. हनुवटीच्या खाली, बरोबर घाटीवर. "घसा वला झाला," म्हणायचा. "घसा वला झाल्याबगर कुणाला बोलाय लावू नये." हे त्याचं कायमचं वाक्य. त्यानंतरच डिझेल उघडायचं.

आणि मग तो पाट.

घरचा, जेवायला बसायचा, सागवानी पाट. अण्णा रोज त्यावर बसून जेवायचा आणि इंजिन सुरू करायच्या दिवशी तोच काखेत मारून घेऊन यायचा. गिऱ्हाइकं बघतच राहायची. एकानं तर विचारलंच, "मिस्त्री, पंगत हाय काय?" अण्णाला त्याचं काही नव्हतं. इंजिनाची हवेची जाळी काढून ठेवायचा, म्हणजे हवा ओढायचं तोंड उघडं राहायचं, आणि त्या तोंडाशेजारी दोन्ही हातांत पाट धरून उभा राहायचा. कारण डिझेल इंजिन कधी कधी उधळतं. डिझेल तोडलं तरी थांबत नाही. आतलं स्वतःचंच तेल ओढून घेतं, तेच जाळतं आणि वेग वाढवत सुटतं, ते फुटेपर्यंत. अशा वेळी एकच इलाज, त्याचं नाक दाबायचं. हवेच्या तोंडावर काहीतरी घट्ट धरायचं. "काहीतरी" म्हणजे फळी, पोतं, काहीही चालतं. पण अण्णाला पाटच लागायचा.

"सुताराकडनं दुसरा करून घ्या की," वैनी म्हणायची. "जेवायचा पाट त्येलात बुडवून आणताय."

"न्हाय. ह्यो हाताला बसलाय."

बारक्यासारक्या कामाला बाळू एकटा जायचा, तेव्हा अण्णा त्याच्याबरोबर पाट द्यायचा. मग घरी अण्णा जेवायचा थांबायचा. वैनी ताट वाढून म्हणायची, सतरंजी टाकते, बसा. अण्णाचं एकच, "पाट आल्यावर." एकदा बाळू मित्राबरोबर सिनेमाला गेला, पाट मांडीवर घेऊन, आणि पार दिवेलागणीला घरी आला. अण्णा तोपर्यंत उंबऱ्यावर बसून. त्यानं बाळूला काही विचारलं नाही. पाट घेतला, मांडला, जेवला. हे मला वैनीनंच सांगितलं.

बाळू उलटा. देखणा, हसरा, अंगात बळ एवढं की दोघांनी मारायचं हँडल एकटा मारायचा. आईबाप लवकर गेले, अण्णानं त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. कुस्तीत अण्णाचा खांदा निखळला नसता तर हँडल त्यानं बाळूच्या हातात कधीच दिलं नसतं. पण आमच्यात दुसरं कुणी तेवढ्या ताकदीचं नव्हतं. मी? माझं नाव काढू नका, माझे हात लेथचे. म्हणजे असं झालं होतं, की अण्णाला ज्या गोष्टीचं जगात सगळ्यात जास्त भ्या, तिच्या ऐन तोंडाशी त्याच्या काळजाचा तुकडा उभा असायचा. हे आम्हाला सगळ्यांना दिसायचं. फक्त बाळूला दिसायचं नाही.

"अण्णा, इंजिन हाय, वाघ न्हवं," तो म्हणायचा.

"वाघाला प्वाट भरल्यावर झोप येती," अण्णा म्हणायचा. "ह्येला येत न्हाय."

पेठ वडगावला एका तेलाच्या गिरणीत आम्ही इंजिन बसवलं, ती गोष्ट सांगतो. मालकांनी भटजी बोलावलेले. मुहूर्त काढलेला. हार, नारळ, पेढ्यांचा पुडा, सगळी जय्यत तयारी. आणि नेमकं शेवटच्या दांडीवर तेल येईना. पिचकारी रेटून रेटून अण्णाचा सदरा पाठीला चिकटला. बाळू हँडल फिरवतोय. बाकी सगळीकडं तेल आलं, एकाच ठिकाणी येईना. भटजी घड्याळ बघायला लागले. मालक आधी गोड बोलले, मग चिडले.

"अहो मिस्त्री, मुहूर्त टळतोय! येईल ते तेल मागनं. करा सुरू!"

अण्णा गरीब बिरीब अजिबात नव्हता. तो वळला आणि त्याचा मूळचा आवाज परत आला. "पावणं, तुमचा मुहूर्त घड्याळात हाय, माझा हितं हाय. हितं आल्याबगर मी हात लावनार न्हाय. तुमास्नी घाई आसंल तर दुसरा मिस्त्री बगा, आणि सुरू करताना तुमी सोता हितं हुबं ऱ्हावा." मालक मागं सरकले. भटजी तर केव्हाच दारात.

अण्णानं इंजिन परत खोललं. सगळ्यांच्या देखत, हाराफुलांसकट. मला वाटलं आता मार खातोय आपण. तेलाच्या वाटेत काय निघावं? कापडाचा बोळा. सफाई करताना आत कचरा जाऊ नये म्हणून भोकांत बोळे घालतात. बाळूनं घातले होते, आणि काढताना एक राहिला होता.

अण्णानं बोळा तळहातावर घेतला. बाळूकडं बघितलं. आणि त्याच्या अशी थोबाडीत दिली की मालक मध्ये पडले. चांगला लग्न झालेला बाप्या, गावच्या लोकांत मार खाऊन गाल धरून उभा. आणि दुसऱ्या क्षणाला काय, तर अण्णाच रडायला लागला. एवढा मोठा माणूस, मोडक्या कानांचा, हातात तो तेलकट बोळा घेऊन हुंदके देतोय. पेढ्याचा पुडा मालकांनी तसाच परत बांधला. इंजिन दुसऱ्या दिवशी झकास सुरू झालं. बिनमुहूर्ताचं.

परत येताना टेंपोत मागं बसलो होतो. तेव्हा अण्णानं उस्तादाची गोष्ट सांगितली, ती एकदाच. परत कधी त्यानं तोंडातून काढली नाही. मिरजेकडं ज्या उस्तादाच्या हाताखाली तो शिकला, त्यांनी अशाच एका मालकाच्या घाईपायी इंजिन कोरडं सुरू केलं होतं. अण्णा शेजारीच होता. इंजिन चांगलं चाललं होतं म्हणे. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग आतनं एक किंकाळीसारखा आवाज आला, आणि आतली दांडी तुटून लोखंडाचं पोट फाडून बाहेर आली.

"मग?" बाळूनं विचारलं.

"उस्ताद हसत हुतं," अण्णा म्हणाला. "टाळ्या वाजीवल्या न्हवं, म्हणून हसत हुतं. तसंच ऱ्हायलं."

कोल्हापूर येईपर्यंत बाळू मागं सुटणाऱ्या रस्त्याकडं बघत बसला. पण बाळूचा स्वभाव! दोन दिवसांत परत शीळ घालायला लागला.

दुष्काळानंतर नदीकाठाला जिकडंतिकडं इंजिनं बसायला लागली. कुरुंदवाडच्या बाजूला एक गाव, तिथल्या एका भावकीनं मिळून नदीवर पंप बसवला होता. त्याचं इंजिन आम्ही बांधून दिलं. दोन सिलिंडरचं, चांगलं दांडगं. उसाला पाणी नव्हतं, माणसं घायकुतीला आलेली. नदीच्या दरडीवर दगडी खोली, एकच दार, खिडकीच्या जागी एक झरोका. इंजिन असं बसवलेलं की हँडल मारायचं टोक आतल्या भिंतीकडं, आणि हवेचं तोंड दाराकडं. म्हणजे बाळू पार आत, भिंत आणि इंजिन यांच्या मधल्या बोळात. अण्णानं खोली बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"ह्ये कुणी बसीवलं?"

"गवंड्यानं," तात्या म्हणाले. तात्या म्हणजे त्या भावकीतले कर्ते. "आता बसलंय. काय करायचं?"

तिकडं एक पद्धत होती, ती अण्णाला ठाऊक होती. नवं इंजिन सुरू करायच्या आधी वाटेकरी असलेल्या प्रत्येक घरानं आपल्या हातानं थोडं तेल त्यात घालायचं. नवरदेवाला तेल लावतात ना, तसं. त्याला मान म्हणायचे. म्हणून अण्णा टाकीत तेल मुद्दाम थोडं कमी ठेवायचा, घरटी एक पळी धरून. कारण तेल कमी जसं वाईट तसं जास्तही वाईट. टाकीत जास्त झालं की फिरणारे भाग त्यात बुडतात, तेल उडतं, वर चढतं, आणि मग तेच इंजिनाच्या पोटात जळायला लागतं.

त्या दिवशी सगळं बेतशीर झालं. एकेक घर येऊन पळी घालून गेलं. फक्त पहिली पळी कुणाची यावरून थोडी धुसफूस झाली. तात्यांनी घातली. थोरल्या घरची काकी, म्हातारी विधवा, तिचा पहिला मान होता म्हणे. ती पदर तोंडाला लावून एका बाजूला उभी राहिली. आम्हाला त्याचं काय! अण्णानं पट्टी काढून तेल मोजलं, बरोबर खुणेवर. पिचकारी झाली. हँडल फिरवून झालं. शेवटच्या दांडीवर थेंब आला, अण्णानं गळ्याला लावला. तेवढ्यात तात्या म्हणाले, आधी चहा घेऊ, मग सुरू करू. झाडाखाली चहा झाला. अण्णानं कप हातात धरला, प्याला नाही. बाळूला इंजिनापाशी बसवलं होतं.

परत आलो. अण्णानं विचारलं, "कुणी हात लावला न्हाय न्हवं?"

"मी हितंच हुतो की," बाळू म्हणाला.

अण्णा पट्टीकडं हात नेत होता, तो थांबला. भावाच्या शब्दावर थांबला. पाट घेऊन जागेवर उभा राहिला. मी दारात. तात्या आणि भावकी माझ्या मागं.

बाळूनं हँडल मारलं. खटका पाडला. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि सुरू झालं. मागं पोरंटोरं ओरडली. मला बरं वाटलं, आणि त्याच क्षणाला मला आवाजात काहीतरी वेगळं ऐकू आलं. टर्नरचा कान असतो. आवाज चढत होता. चढायला नको होता, पण चढत होता. अण्णानं एका हातानं डिझेल तोडलं. आवाज खाली येईना. धुराड्यातून पांढरा निळा धूर बदाबदा यायला लागला आणि खोली धुरकटली.

"उधळलं!" मी ओरडलो. का ओरडलो कुणास ठाऊक, सगळ्यांना कळलंच होतं. मागची माणसं दरडीवरून खाली पळाली. मीसुद्धा पळालो. दहा पावलं गेलो आणि वळून बघितलं, कारण बाळू बाहेर आला नव्हता.

तो येणार कसा! हँडल इंजिनातून सुटलंच नव्हतं. सुरू झालं की ते सुटून हातात यायला हवं, ते अडकून बसलं होतं आणि इंजिनाबरोबर फिरत होतं. त्या अरुंद बोळात, बाळूच्या पोटासमोर, दिसत नव्हतं एवढ्या वेगानं. बाळू भिंतीला पाठ लावून, श्वास आत ओढून उभा. वीतभर पुढं आला असता तर संपला. आणि हँडल निसटून उडालं असतं तर ते जाणार कुठं, त्याच्याच अंगावर. त्याचं तोंड उघडं होतं. तो ओरडत होता, पण इंजिनापुढं काही ऐकू येत नव्हतं. जमीन हादरत होती. झरोक्यावरचे दगड सुटून पडायला लागले.

अण्णा दाराशी होता. एक पाऊल मागं आला असता तर बाहेर. तो आला नाही. त्यानं पाट हवेच्या तोंडावर मारला.

पाट खाडकन चिकटला, पण कडेनं हवा शिरत होती. इंजिन दबलं आणि परत भडकलं. अण्णानं छाती लावली. निखळलेला तो खांदा लावला. पाटाला मिठी मारल्यासारखा तो त्या इंजिनाला भिडला होता, डोळे गच्च मिटलेले, आणि धुरात मला त्याचे फक्त ते मोडके कान दिसत होते. आवाज उतरला. अडखळला. एक आचका दिला. आणि थांबलं.

एवढी शांतता मी कधी ऐकली नाही. हँडल एकदा डुललं, सावकाश सुटलं आणि खण्णकन फरशीवर पडलं. बाळू त्याच्यावरनं पाय टाकून बाहेर आला. त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. अण्णाला मात्र पाट सोडता येईना. बोटं वळली होती. मी आणि तात्यांनी एकेक बोट उलगडून त्याला सोडवलं. पाटाच्या मधोमध त्या तोंडाचं गोल वळं उमटलं होतं, काळं, आत रुतलेलं.

अण्णा दाराबाहेर मातीत बसला. बाळूकडं बघितलं.

"कुठं गेलतास?"

बाळू दरडीकडं बघायला लागला. मग म्हणाला, "बिडी वडाय गेलतो. दरडीखाली. लगीच आलो."

पट्टी काढली तर तेल पार वरपर्यंत. मग भावकीतलं एकेक बाहेर पडलं. आम्ही चहाला गेलो तेव्हा थोरल्या काकीच्या मुलानं आख्खा डबा ओतला होता. आमचा मान पळीचा नाही, डब्याचा, म्हणून. ते बघून शेजारच्या घरानंही आपला ओतला, मागं कशाला राहायचं! कुणाला धरून मारू असा राग आला मला. मी बोलायला तोंड उघडलं, तर काकीच पुढं आली.

"मानाचं त्येल हुतं रं बाबा," म्हणाली. "मला काय म्हाईत."

अण्णानं तिला हात जोडले. खरंच जोडले. "तुजं काय चुकलं न्हाय आक्का. मी पट्टी बगाय पायजे हुती." आणि परत बाळूकडं बघितलं नाही. बाळूला थोबाडीत बसली असती तर बरं वाटलं असतं, असं तो पुढं मला म्हणाला.

दिवस मावळायच्या आत ते इंजिन अण्णानं परत सुरू केलं. खोलून बघितलं, जास्तीचं तेल काढलं, हँडलची अडकणारी खाच मला घासायला लावली, पिचकारी पहिल्यापासून परत मारली. हँडल अण्णा स्वतः मारायला निघाला होता. बाळूनं त्याच्या हातातून ओढून घेतलं. अण्णा पाट घेऊन उभा राहिला, आणि मी शपथेवर सांगतो, त्याचे दात एकमेकांवर वाजत होते, मला दारात ऐकू येत होते. इंजिन गायीसारखं चाललं. नदीचं पाणी उसाच्या पाटात आलं तेव्हा भावकी नाचली. अण्णा तिकडं बघायला गेलाच नाही.

परतताना मी त्याला विचारलं, "आम्ही सगळे पळालो, मर्दा. तू कसा पळाला नाहीस?"

"पळनारच हुतो गा," अण्णा म्हणाला. "पाय उचलंनात. इतकं भ्या वाटलं की पळायचंबी सुदरंना. मग हातात पाट हुता, तेवडं केलं."

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. खोटं बोलतोय का, मला आजही सांगता येणार नाही. बाळू पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होता. त्या दिवशी त्यानं शीळ घातली नाही.

पुढं बरीच वर्षं गेली. मी सांगलीला दुसरीकडं लागलो. अण्णाला लकवा झाला, उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. वर्कशॉप बाळू बघायला लागला. हे सगळं मला येताजाता कळत होतं, पण भेट नव्हती. एकदा लग्नाला कोल्हापुरात आलो होतो, तसाच अण्णाच्या घरी गेलो.

दुपार टळून गेलेली. अण्णा भिंतीला टेकून सतरंजीवर बसला होता. खांदे उतरले होते, कान तेवढे तसेच. समोर ताट झाकून ठेवलेलं. मला बघून त्याचा डावा हात हलला. बस म्हणाला. मी म्हटलं, "अण्णा, जेव की, मी काय परका हाय?"

वैनी आतून आली. "कुठलं जेवतायत! भावजी गेल्यात इंजिन सुरू करायला, तिकडं शिरोळला. जाताना पाट नेलाय. आता तो आल्याबगर ह्यांच्या घशाखाली घास उतरनार न्हाय. मी सांगून दमले. आवो, पावनं आल्यात, तेवढं तरी."

अण्णानं मान हलवली. नाही.

आम्ही बोलत बसलो, म्हणजे मी बोललो. सांगलीच्या लेथबद्दल, पोरांबद्दल. तो ऐकत नव्हता. गल्लीतून फटफटी गेली की त्याची मान वळायची, आणि पुढं गेली की परत जागेवर यायची. ओठ सुकले होते. जिभेनं ओले करत होता. मला एकदम त्या नदीवरच्या खोलीची आठवण झाली. बाळूला एवढा उशीर का, म्हणून मीही रस्त्याकडं बघायला लागलो.

शेवटी एक फटफटी दारात थांबली. बाळू आत आला. केस पिकले होते, पोट सुटलं होतं. काखेत पाट. मला बघून हसला, पण बोलला आधी भावाशी.

"झालं अण्णा. गायीसारखं चाललंय."

त्यानं पाट अण्णासमोर ठेवला. अण्णानं डावा तळवा त्यावर ठेवला. त्या जुन्या काळ्या वळ्यावरून बोट फिरवलं. मग वळ्याच्या बाहेर, कडेपर्यंत, चारी कोपऱ्यांवर, सावकाश चाचपून बघितलं. दुसरं वळं नव्हतं. मग त्यानं मान वर केली आणि बाळूकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. बाळूच्या गळ्यावर, बरोबर घाटीवर, तेलाचं बोट उमटलेलं होतं.

बाळूनं त्याला काखेत हात घालून उचललं आणि पाटावर बसवलं.

"वा...ढ," अण्णा वैनीला म्हणाला.